दमा म्हणून सांगितलेला आजार

त्या वर्षी माझ्या बोटांना पोलक्याची बटणं लावता येईनाशी झाली. सकाळी दोन-दोन तास मुठी उघडायच्या नाहीत. संधिवाताच्या गोळ्या तीन वर्षं चालू होत्या. दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावायचा, हे मी कधी चुकवलं नाही. तरी सांधे सुजतच होते. कळमनुरीच्या घरात मी एकटी. तुमचे आजोबा हृदयविकाराने गेले त्याला दहा वर्षं झाली होती, तुमचे बाबा अमेरिकेत. तीस वर्षं आमच्याकडे काम करणारी तांड्यावरची बाई नऊला यायची आणि बटणं लावून द्यायची. तोवर मी शाल गुंडाळून खुर्चीत बसून असायची.

नांदेडच्या डॉक्टरांनी नवीन इंजेक्शन सुचवलं. बायोलॉजिक म्हणतात त्याला. ते सांध्यांची सूज अडवतं, पण शरीराची राखणही थोडी ढिली करतं. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि बरेच प्रश्न. मला ते इंजेक्शन हवंच होतं. डिसेंबरात तुम्ही येणार होतात आणि मला माझ्या हातांनी तुम्हाला वाढायचं होतं.

"आजी, घरात कधी कुणाला टीबी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. यजमानांना दमा होता."

सोबतीला आलेली आमची बाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "दमा काहून म्हणून राहिल्या, बाई? साहेबांना रोज सुई टोचाया कंपाउंडर येत व्हता की. थुंकायचं डबडं मीच राख टाकून फेकत व्हते."

"तू गप्प बस."

"बसले असते. पण डॉक्टरसाहेबांनी बराबर तेच इचारलं न्हाई का? तुमाला काही झालं तर बटनं काय खुर्चीची लावू?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहिलेलं खोडलं.

खोटं बोलतेय असं मला वाटलंच नव्हतं. त्या काळी क्षयाच्या घरात कुणी सोयरीक करत नसे आणि माझ्या दोन नणंदा लग्नाच्या होत्या. त्यांचा कप वेगळा, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. नाव मात्र दमा. ते बरे झाले तरी नाव तेच राहिलं. औषधाबरोबरचा इंग्रजी कागद अक्षरन् अक्षर वाचणारी मी, हा शब्द मात्र कधी तपासून पाहिला नाही.

क्षयाचे जंतू अंगात आहेत का ते बघायला हातावर कातडीखाली एक टोचणी दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने नांदेडला गेले, तेव्हा तिथे चांगली गाठ आली होती. डॉक्टरांनी ती पट्टीने मोजली. एक्स-रे स्वच्छ होता. "आजार नाही, पण जंतू झोपलेले आहेत," ते म्हणाले. "हे इंजेक्शन तसंच दिलं असतं तर ते जागे झाले असते." आधी महिनाभर टीबीच्या गोळ्या, मग इंजेक्शन, आणि गोळ्या पुढेही काही महिने. ताप आला, खोकला टिकला, वजन घटलं तर इंजेक्शन थांबवून लगेच यायचं.

"आणि लहान मुलांना?" मी विचारलं.

"तुमच्यापासून कुणालाही लागत नाही."

रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं शेवटचं वाक्यही. तो म्हणाला, "आई, आम्ही जरा इथल्या डॉक्टरांना विचारतो." दोन आठवड्यांनी कळलं की तिकिटं उन्हाळ्यावर ढकलली. उन्हाळ्यात तुमचं दुसरंच काही ठरलं.

डिसेंबरपर्यंत हात खूपच सुटले होते. रोज सकाळी ताप मोजायचे आणि वहीत लिहायचे. खोकला नाही, ताप नाही, वजन तेवढंच. पोळ्या नीट गोल येत होत्या. दोन करायचे, एक उरायची.

बाबांवर रागावू नका. लहानपणी त्याने मला विचारलं होतं, माझ्या बाबांना काय झालंय? तेव्हा दमा असं मीच त्याला सांगितलं होतं, त्याच्या डोळ्यांत बघून. मग तीस वर्षांनी फोनवर मी 'कुणाला लागत नाही' म्हणाले, ते त्याने खरं का मानावं?