तिने विचारलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्याशी सगळं बोलतो त्या मित्रालाही नाही. तसं पाहिलं तर कुणाचा जीव गेला नाही. मग इतकी वर्षं — पण थांबा, नीट सांगतो.

हडपसरच्या एका लहान कंपनीत आम्ही छोट्या हॉस्पिटलांसाठी एक डबी बनवायचो. पाइपमधल्या ऑक्सिजनचा दाब उतरला की ती अलार्म वाजवायची. आत लिनक्स, आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम माझा. काही डब्या जुन्या, काही नव्या. प्रत्येकीतल्या लायब्ररी — म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार तुकडे — वेगळ्या. प्रोग्रॅम एकीवर चालायचा, दुसरीवर अडायचा. म्हणून मी ते तुकडे माझ्या प्रोग्रॅममध्येच कायमचे जोडून टाकले. स्टॅटिक लिंकिंग म्हणतात त्याला. एकच फाइल, कुठल्याही डबीवर टाका, चालते. मला त्याचा अभिमान होता. सांगितलं मात्र कुणाला नाही.

पुढे त्यातल्या एका तुकड्यात दोष निघाला. डबी बरेच दिवस चालू राहिली की प्रोग्रॅम गोठायचा. सगळीकडे नवी लायब्ररी टाकायचं काम वैशालीकडे आलं. यवतमाळची मुलगी, नोकरीला नवीन, फार जपून काम करणारी. तिने मला विचारलं, "सर, तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही बदलावं लागते का?"

स्क्रीनवरची नजर न काढता मी "नाही" म्हणालो.

लागत होतं. जुना तुकडा माझ्या फाइलच्या पोटातच होता. बाहेर कितीही नवा टाकला तरी काय उपयोग? मी विसरलो होतो. इथवर चूक म्हणा.

मग एका हॉस्पिटलात दाब उतरला आणि डबी गप्प राहिली. नर्सचं लक्ष पाइपवरच्या मीटरच्या काट्याकडे गेलं म्हणून पेशंट वाचला.

मीटिंगमध्ये आमचे साहेब वैशालीला म्हणाले, "अपडेट केलंत ना? मग डबीला कळवायचं राहिलं वाटतं."

ती म्हणाली, "मी सरांना विचारलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण काय, ते त्या क्षणी मला लख्ख कळलं होतं — आणि तिचा प्रश्नही शब्द न्‌ शब्द आठवत होता. मी म्हणालो, "मला काही आठवत नाही." शांतपणे म्हणालो. सज्जन माणसासारखा.

त्याच दुपारी मी नवा तुकडा जोडून फाइल पुन्हा तयार केली. ती सगळ्या डब्यांवर गेली, गोठणं थांबलं. साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

वैशालीने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर मी कबूल केलं असतं? नाही वाटत. पण ती भांडायला आलीच नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "सर, मी खरंच विचारलं नव्हतं का? आता मला माझंच खरं वाटत नाही."

तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, मी तिचं काय केलंय ते. एक शब्द पुरला असता — आजूबाजूला कुणी नव्हतंही.

मी म्हणालो, "जाऊ दे. होतं असं कधीकधी."

तिने मान हलवली. "सॉरी, सर," म्हणाली, आणि गेली.