सोमवारी बारा वाजताचा भोंगा

नेदरलँड्समध्ये लेकीकडे जाऊन मला जेमतेम पाच दिवस झाले होते. तिथे घरांच्या खिडक्यांना पडदे नाहीत. आत बसलेलं माणूस रस्त्यावरून सरळ दिसतं, तरी कोणी बघत नाही. आमच्या रोह्यात पडदे असतात आणि त्यांच्या फटीतून सगळे बघतात. मला तिथली शांतता सोसत नव्हती. जिना इतका उभा, की उतरताना देवाचं नाव घ्यावं लागे. दार ओढलं की आपोआप कुलूप लागे.

त्या सोमवारी लेक बाळंतपणाच्या रजेनंतर पहिल्यांदा कामावर गेली. सात महिन्यांची नात माझ्या हवाली. "जमेल ना आई?" तिने तीनदा विचारलं. "नाय जमलं तर पाळणाघर हाय." मला रागच आला. पेणला रामवाडीत धाकटी चार भावंडं खेळवून मी मोठी झाले, आणि ही मला पाळणाघराची भीती घालते! पण आतून मी घाबरलेच होते. पोरीला काही झालं, तर लेक पुन्हा माझ्यावर विसंबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बारा वाजता भोंगा सुरू झाला. सगळ्या शहरावर पसरलेला, थांबायचं नाव न घेणारा.

आमच्याकडे धाटावच्या केमिकल कंपन्यांचे भोंगे शिफ्टच्या वेळेला होतात. अवेळी झाला, की गॅस सुटला समजायचं; बायका आधी दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते बघतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने मला शिकवलं होतं: ओला फडका नाकाला लाव, घरात बसू नको, वाऱ्याला आडवी चाल. ते अंगात मुरलेलं.

इथे दोरी नव्हती. समोरच्या झाडाच्या फांद्या बघून वारा ओळखला. दुपटं भिजवून पोरीच्या नाकाशी धरलं, तिला शालीत गुंडाळलं आणि जिना उतरले. मागे दार बंद झालं. चावी आत, फोन आत, पायांत सपाता. रस्त्यावर एक बाई निवांत कुत्रा फिरवत होती. मी हातवारे करून तिला 'चल' म्हणाले. ती हसून पुढे गेली. मी कालव्याच्या कडेने जवळजवळ धावतच सुटले. भोंगा थांबला तरी मी थांबले नाही. मग सगळी घरं सारखीच दिसायला लागली. पोर रडत होती, तिचे पाय गार पडले होते. मलाही रडू आवरेना.

लेकीनेच आम्हाला शोधलं. भोंगा ऐकून तिने फोन लावला, मी उचलेना, तशी ती सायकल हाणत आली. पोरीला तिने आपल्या कोटात घेतलं. "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाजवून बघतात गं. आणि खरा वाजला तर घरातच राहायचं, खिडक्या लावून. तुला सांगायचंच राहिलं."

"ठेव तिला पाळणाघरात," मी म्हणाले. "माझ्याच्याने नाय होत."

"उद्यापासून चावी गळ्यात अडकव, म्हणजे झालं." मग पोरीचे पाय चोळत ती म्हणाली, "इथे आले तेव्हा मी पण अशीच पळाले होते. ओला रुमाल घेऊन, त्या पुलापर्यंत. तिथूनच तुला फोन केला होता."

तो फोन मला आठवत होता. आवाज असा का येतोय, म्हणून मी विचारलं होतं. सर्दी झालीय, म्हणाली होती. मी तिला आल्याचा काढा सांगितला आणि फोन ठेवून दिला होता.