नदीकाठच्या देवीचा कौल

लग्न होऊन आले तेव्हापासून मला कौलाचा राग. गाडी घ्यायची असो, लेकीचं लग्न ठरवायचं असो, नाहीतर नुसता दात काढायचा असो, आमचे हे आधी नेऱ्याच्या बाजूला नदीकाठच्या आपल्या गावी जायचे आणि देवीला कौल लावून यायचे. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली की हो, डावी पडली की नाही. मी म्हणायचे, वाळली की पडणारच, त्यात देवीचं काय? हे नुसते हसायचे.

आता हे नाहीत. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटी. कुकरची शिट्टी झाली की बरं वाटतं, घरात कुणीतरी बोललं. नाशिकची लेक रोज फोनवर एकच धरून बसलेली, "आई, इकडे ये. कायमची." माझंही उत्तर ठरलेलं, लेकीच्या घरी कुणी राहतं का? माझी आई तर जावयाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. एकदा फारच मागे लागली तेव्हा चिडून बोलून गेले, "देवीला विचारते. ती हो म्हणाली तर येईन." तिचं तोंड बंद करायला म्हटलं होतं. तिनं मात्र कधी जातेस ते लगेच ठरवून घेतलं. मग काय, जावं लागलं.

गावात रिक्षातून उतरले तर नदी दिसेना. फार्महाऊसच्या भिंतींमधून वाट काढत गेले तेव्हा कुठे पाणी दिसलं. देऊळ किती जुनं ते कुणालाच सांगता येत नाही. बाहेरून चकचकीत टाइल्स लावल्यात, आत मात्र तोच काळा दगड आणि तोच तेलाचा वास. देवीचे नाकडोळे झिजून गेलेत. देवळात म्हाताऱ्या गुरवाशिवाय कुणी नव्हतं.

"वयनी, एकल्याच आल्या?"

"मग कुणाला आणू?" मी म्हटलं. नंतर वाईट वाटलं. त्याचं काय चुकलं होतं?

मी प्रश्न सांगितला. त्यानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुजी सून आलीया. लेकीकं जाऊन ऱ्हाऊ का, इचारते. काय तो कौल दे."

सून! मला सून म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

थंड फरशीवर बसून राहिले. पाकळ्या हलेनात. मग माझ्या लक्षात आलं, मी एकटक उजवीकडेच बघतेय. मनात म्हणतेय, पड गं बाई, पड. जन्मभर कौलाची टिंगल करणारी मी! मला जायचं होतं. नातीची वेणी घालायची होती, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुणाशी तरी भांडायचं होतं. एकटीनं राहायचा मला वीट आला होता, आणि हे मी लेकीलाच काय, स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

डावी पडली.

"नाय म्हनते आई," गुरव हळू आवाजात म्हणाला. "परत लावू?"

एका प्रश्नाला दोनदा कौल लावायचा नाही, असा आमच्या यांचा नियम. मी मान हलवून नको म्हटलं. प्रसादाची वाटी घेतली, देवीला नमस्कार केला, तिच्याकडे नीट बघवलं नाही. गुरव गाभारा झाडायला लागला.

पायरीवर चपला घालत होते तेवढ्यात फोन वाजला. लेकच होती.

"आई, काय कौल दिला गं देवीनं?"

समोर नदीचं पाणी जेमतेम वाहत होतं. मला यांची फार आठवण आली.

"उजवा," मी म्हटलं.

पलीकडे ती रडायलाच लागली. मागे गुरवाचा झाडू थांबला. मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा झाडायला लागला.