भैरोबाकडे न नेलेलं मयत

सूर्यभान गावचा पोलीस पाटील झाला, याचं गावाला हसू यायचं. लिहितावाचता येणारा, कोणाशी वाकडं नसलेला माणूस म्हणून पारनेरच्या साहेबांनी त्याला नेमला. पण फौजदाराची जीप दिसली की आधी हाच दाराआड व्हायचा. इतका भित्रा, की लेक डोळ्यांसमोर राहावी म्हणून मालनला त्यानं गावातच दिली, काकासाहेबांच्या धाकट्या मुलाला.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी सांगावा आला: मालनची थोरली जाऊ, चांगुणा, साप चावून गेली. सूर्यभान धावतच गेला. अंगणात तिरडी बांधून तयार होती. चांगुणाला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून हळदीकुंकवानं मढवलेलं. गळ्याला तर हळद इतकी जाड थापलेली, की कातडी दिसेना.

आणि एकाएकी सूर्यभानच्या लक्षात आलं. या गावात साप चावलेलं माणूस आधी भैरोबाच्या देवळात नेतात. जीव गेलेला असला तरी नेतात, लिंबाच्या पाल्यावर निजवतात. देव उठवील ही आशा कोणी सोडत नाही. चांगुणाला कोणी नेलंच नव्हतं. साप चावलाच नसेल, तर देऊळ आठवणार तरी कसं?

"काकासाहेब," तो म्हणाला, "साप चावला तरी पोलिसात वर्दी द्यावी लागती. पंचनामा झाल्याबिगर मयत हलवू नगा."

काकासाहेब शांतपणे म्हणाले, "द्या की वर्दी, ईवाई. पर मालन आमच्या घरात नांदती, एवढं ध्यानात धरा."

दारामागे मालन उभी होती, मान खाली घालून. वर्दी दिली तर तिचे हाल कुत्रा खाणार नव्हता. नाही दिली, तर तिला जन्म याच घरात काढायचा होता. तरी सूर्यभाननं कोतवाल आसारामला मयताजवळ बसवलं आणि पारनेरची वाट धरली.

ओढा ओलांडला, तोच मागून धापा ऐकू आल्या. मालन! अनवाणी, पदर घसरलेला. तिच्या पाठीमागे, मसणवटीच्या अंगाला, धूर चढत होता. आसारामचं काही चाललं नव्हतं.

सूर्यभान मटकन खाली बसला. "संपलं, पोरी. आता सायबाला काय दावू?"

मालननं त्याचा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती. "आबा, साप न्हवता. मी दाराच्या फटीतनं पायलंय. मी सांगते."

त्या घरानं केलेल्याचा पुरावा म्हणून आता एवढी एक पोर उरली होती, आणि गावाकडून कोणीतरी तिच्या नावानं हाका मारत येत होतं.

तो उठला, लेकीला पुढे घातलं आणि पारनेरकडे चालू लागला.