सोवळ्यात कळसूबाई

कळसूबाईचा डोंगर सोवळ्यात चढलेली बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी सासू निघाली!

दुसरी मोठी लढाई अजून संपलेली नव्हती, तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांची बदली बेलापूरहून ह्या डोंगराकडच्या अकोले गावच्या कचेरीत झाली, आणि संसार आवरून द्यायला म्हणून सासूबाई आमच्याबरोबर आल्या. त्याच पावसाळ्यात मी विषमज्वराने अंथरूण धरलं. उठले ती नुसती हाडांची मोळी. फणी फिरवली की केसांचे पुंजके हातात यायचे. मी हिंडूफिरू लागल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "मी कळसूबाईला नवस बोललेय. दिवाळी झाली की डोंगरावर जाऊन पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. तोही सोवळ्यात."

"कसला नवस?" ह्यांनी विचारलं.

"नवस सांगायचा नसतो, फेडायचा असतो. आणि सूनबाई, तूही यायचंस."

मी मनात म्हटलं, झालं! लेकाची बदली परत बेलापूरला व्हावी म्हणून सासूबाईंचा नवस, आणि फरफट माझी. पण बोलणार कोण?

आता सोवळ्यात म्हणजे काय, तर आंघोळ करून सोवळ्याची धाबळी नेसायची, स्वतः शेंदलेल्या पाण्याने स्वयंपाक करायचा आणि देवापुढे ताट ठेवेपर्यंत कुणी आपल्याला शिवायचं नाही. शिवलं की सगळं मुसळ केरात! घरात हे ठीक आहे हो. पण महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच डोंगरावर?

पायथ्याच्या बारी गावात आम्ही बैलगाडीने आदल्या दिवशीच पोचलो. उजाडायच्या आत सासूबाईंनी एका अंगणात तीन दगड मांडून पुरणपोळ्या केल्या, डब्यात भरल्या आणि डबा फडक्यात बांधून पाठीशी घट्ट आवळला. चामड्याच्या वहाणा सोवळ्यात चालत नाहीत, म्हणून अनवाणीच निघाल्या. पुढे वाट दाखवायला गावातली एक बाई होती. ती दर मंगळवारी देवीला जायची. मागून हे, दोन्ही हात पसरून, आई पडली तर झेलायला. "झेलशील तर याद राख," असा दमही त्यांना मिळालेला होता.

वाट सुरेख होती, उगाच का खोटं बोलू? खाली हिरड्या-जांभळांची जुनी झाडं, एकेकाचं खोड दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. मग कारवीचं रान, आणि त्याच्यावर नुसता काळा कातळ. एका फांदीने सासूबाईंचा पदर ओढला. त्या म्हणाल्या, "झाडाला विटाळ नसतो." कातळावरची साखळी आली, तेव्हा हे म्हणाले, "आई, हिला सगळी दुनिया शिवते." "लोखंडालाही नसतो," असा तिथल्या तिथे निकाल लागला. शास्त्र सासूबाईंच्या सोयीने वाकायचं!

दम खायला बसलो, तेव्हा वाटाड्या बाईने देवीची गोष्ट सांगितली. "कळसू एका घरी चाकरीला हुती. आधीच बोलली, केर काढनार न्हाई, भांडी घासनार न्हाई. एक दिस त्यांनी खरकटी भांडी पुढ्यात टाकली. तशी उठली नि डोंगरावर येऊन बसली ती बसलीच."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "खरकट्याचा एवढा तिटकारा. हिला सोवळंच हवं."

मला तर ही पोरगी भलतीच आवडली. भांडी घासायला नकार देऊन देवी होता येतं, हे लग्नाआधी कळतं तर!

शेवटचा कातळ मात्र उभा होता. साखळी धरायची आणि दगडातल्या खोबण्यांत पाय रोवायचे. वाटाड्या बाई चढली, तिच्या मागून मी. सासूबाई अर्ध्यावर आल्या आणि त्यांचा पाय सटकला. साखळी हातात राहिली, पण पाय पुन्हा खोबणीत बसेना. वर येववेना, खाली जाववेना.

"आजी, हात द्या! धरते मी," वाटाड्या बाई वरून म्हणाली.

"नको! शिवू नका!"

खालून हे हात वर करायला लागले, तर त्यांच्यावरही ओरडल्या. मी पाहिलं, साखळीवरची बोटं पांढरी पडली होती. मग कसलं सोवळं आणि कसलं काय! मी पालथी पडले, त्यांचं मनगट धरलं आणि होती नव्हती ती ताकद लावून ओढलं. वाटाड्या बाईने माझे पाय दाबून धरले. सासूबाई वर आल्या आणि मटकन बसल्या.

पोळ्या पाठीशी होत्या, आणि नवस माझ्या हाताने मोडला होता. पुन्हा खाली उतरून, पुरण शिजवून, एवढा डोंगर चढण्याचं त्यांचं वय नव्हतं. माझा मात्र भीतीने जिभेवरचा ताबा सुटला. "बदलीसाठी जीव देताय होय? राहू आम्ही अकोल्यातच! मोडलं तर मोडलं सोवळं!"

"कसली बदली?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना अजून धाप लागलेली होती. "अगं वेडे, त्या तापात वैद्यांनी हात टेकले होते. तू बरळत होतीस. मी देवीला म्हटलं, हिला उठव, हिच्या पायांनी हिला तुझ्याकडे चालवत आणते." मग त्यांनी माझा हात झिडकारला नाही, उलट घट्ट धरला. "जिच्या जिवासाठी हे सोवळं, तिच्याच हाताने ते कसं मोडेल?"

मला रडूच कोसळलं. ह्यांनी उगीचच खालच्या भंडारदऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "ते बघा, तेच पाणी आपल्या बेलापूरला जातं." पण त्यांचा आवाजही ओला होता.

माथ्यावर वारा असा की पदर डोक्यावर ठरेना. नैवेद्य झाला. देवीपुढची पहिली पोळी सासूबाईंनी मोडून माझ्या तोंडात घातली आणि दुसरी वाटाड्या बाईला दिली.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी लाडात येऊन स्वयंपाकघरात शिरले.

"लांब हो! शिवशील!"

"अहो, मग डोंगरावर चाललं ते?"

सासूबाईंनी पोळी उलटली. "डोंगरावर देवीचं राज्य. इथे माझं."