इंदूमावशींचा हातगुण

हे मी आईला सांगितलेलं नाही. इथे लीड्समध्ये तर कुणालाच नाही. गोष्ट एका क्रीमच्या डबीएवढी — तिच्याबद्दल कोण विचारणार? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि इंदूमावशींनाही ओळखत नाही.

माझी कातडी लहानपणापासून नखरेल. नागपूरच्या उन्हाळ्यात तिने जमवून घेतलं, पण लीड्सच्या पहिल्याच हिवाळ्यात हात टेकले. बाहेर बोचरा वारा, आत दिवसभर हीटिंग. गालांना कोंडा सुटायचा, हसलं की ओठांच्या कडा चिरायच्या. अर्थात, हसायची वेळ फारशी येत नव्हती. एकटी राहायचे, शनिवार-रविवारी बसच्या ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हटलं तर तेवढाच आवाज तोंडातून निघायचा. ओट्सचं क्रीम झालं, कोरफडीचं झालं, डबीवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं सगळं झालं. काही म्हणजे काही लागू पडेना.

इंदूमावशी माझ्या नात्याच्या नव्हेत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटल्या. पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आलेल्या, आता एकट्या — काका गेलेले, मुलगा ऑस्ट्रेलियात. मग त्या नोव्हेंबरात, मंडळाच्या फराळाला, त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हातातली प्लेट खाली ठेवली. “अगं लव्ह, काय करून घेतलंस हे? सॅटर्डेला घरी ये.”

गेले. त्यांनी तांब्याच्या परातीत साजूक तूप घेतलं. त्यात गार पाणी घालायचं, तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं — असं शंभर वेळा. मोजायला राजम्याचे दाणे. एकदा धुऊन झालं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. दोन तास लागले. शेवटी तूप पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं झालं. मग दोन बोटांवर घेऊन त्यांनी ते माझ्या गालांना लावलं. मी या देशात आल्यापासून माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी डोळे मिटून बसले, नाहीतर रडले असते.

तीन आठवड्यांत गाल बरे झाले. “मावशी, हातगुण आहे तुमच्या हाताला,” मी म्हटलं आणि मंडळात सगळ्यांना सांगत सुटले. बायकांनी ठरवलं — यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण म्हणजे मावशींच्या हातचं हे तूप. काका गेल्यापासून मावशी हळदीकुंकवाला आत किचनमध्येच कप धूत उभ्या राहायच्या. आत जा असं कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर या, असंही नाही. “माझ्या हातचं घेतील गं?” त्या मला दोनदा विचारून गेल्या. मग कॅफेतल्या जॅमच्या छोट्या बाटल्या गोळा केल्या, उकळून ठेवल्या, झाकणांवर बांधायला खणाचे तुकडे कापले.

इथपर्यंत मी किती चांगली आहे, नाही?

त्याच सुमारास ऑफिसात शेजारी बसणारी मुलगी हवा हुंगत म्हणाली, “समवन्स बीन बेकिंग?” बिचारी केकच्या आशेने विचारत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तूप फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात गेलं आणि मी एका नॅचरल म्हणवणाऱ्या दुकानातून लॅव्हेंडरचं क्रीम आणलं. डबीवर हिरवं पान, आत मंद सुगंध. मावशी फोनवर विचारायच्या, “लावतेस ना?” मी म्हणायचे, “रोज.”

संक्रांतीच्या आठवड्यात चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, पापण्या सुजल्या. केमिस्टने डबी पाहिली आणि म्हणाला, बहुतेक यातलं लॅव्हेंडरचं तेल. नॅचरल आहे म्हणून सोसेलच असं नसतं. तूप परत लावून पाहू का, विचारलं तर म्हणाला, आधी सोसलं होतं ना, मग त्याचा दोष दिसत नाही. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्यांना खण बांधायला मावशींकडे गेले. त्यांनी दार उघडलं. हात माझ्या गालाकडे आला आणि अर्ध्यावर थांबला.

“माझ्या तुपाने?”

आणि मी मान हलवली. होकारार्थी.

का? ‘नाही’ म्हटलं असतं तर ते ‘रोज’ खोटं होतं हे सांगावं लागलं असतं. ऑफिस, वास, माझी लाज — सगळंच. मान हलवणं सोपं होतं. बरं, तो एक क्षण सोडा. हळदीकुंकवाला अजून चार दिवस होते. माझ्याकडे फोन नव्हता?

मावशींनी चहा केला. मग सिंककडे तोंड करून म्हणाल्या, “हाताचा गुणच गेला गं माझ्या. ह्यांच्याबरोबरच गेला असणार.”

मी ऐकलं. आणि मी चहा संपवला.

हळदीकुंकवाला वाण म्हणून कुणीतरी आयत्या वेळी सुगंधी मेणबत्त्या आणल्या. लॅव्हेंडरच्या. मावशी आत कप धूत होत्या. खोलीभर बायका माझा चेहरा पाहून हळहळल्या आणि मी ती हळहळ घेतली. त्या बाटल्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

याला चार वर्षं झाली. मावशींनी पुन्हा माझ्या चेहऱ्याला हात लावला नाही. परात आता खिडकीत, कुंडीखाली असते. मी अजूनही शनिवारी जाते. पोरगी मावशींचं किती करते, असं मंडळात म्हणतात. तेही मी ऐकून घेते.

या हिवाळ्यात त्यांचेच हात फुटले. बोटांना चिरा, भांडी घासताना रक्त यायचं. मी केमिस्टकडून बिनवासाचं मलम नेलं, झाकण उघडलं, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो मागे ओढला.

“आधी वाच, लव्ह. तूप नाही ना त्यात? तुझ्या बोटांना लागेल. तुला त्रास होतो.”

मी डबी उजेडात धरली आणि बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली.

“नाही मावशी. तूप नाही.”

“शुअर?”

“हो.”

“मग लाव,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे केले.

मी लावलं. दहाही बोटांना. दुसरं काही बोलले नाही.