सिंधूताईंनी लिहिलेलं मानपत्र

आमच्या सिंधूताई मुजुमदारांनी विधायकाच्या, म्हणजे आमदाराच्या, कानाखाली आवाज काढला, ही बातमी पलीकडच्या अयोध्या नगर वसाहतीपर्यंत पोचली तेव्हा तिच्यात एका चपलेचीही भर पडली होती. मी पहिल्या रांगेत होतो. चप्पल दाराबाहेर होती आणि बाईंचे दोन्ही हात कागदाला. त्यांनी फक्त मानपत्र वाचलं. कानाखाली परवडली असती.

बाई इंद्रपुरीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. जिन्यात मी लावलेल्या नोटिशीतल्या चुका लाल पेनानं काढतात, तेव्हा माझ्याकडून कौतुक नको. नोकरी विधानसभेत, प्रतिवेदक. सदनाच्या मधोमध मेजाशी बसायचं, आपल्या पाळीत कोण काय बोललं ते लघुलिपीत उतरवायचं आणि तोंड मिटून उठायचं. चौतीस वर्षं तोंड मिटलेली बाई गेल्या वर्षी निवृत्त झाली. शेजाऱ्यांचे हाल विचारू नका.

आता त्या आमच्या या हिंदी गावातल्या मराठी मंडळाचं वाचनालय चालवतात. त्याचं पत्र्याचं छत गळतं. पाऊस आला की कपाटं सरकवायला हाक मलाच. त्यामुळे छत व्हावं असं सगळ्यांत जास्त त्यांना वाटे, आणि त्यांच्याखालोखाल माझ्या कमरेला.

भैयाजींनी, म्हणजे आमच्या विधायकांनी, आपल्या निधीतून छत देऊ म्हणून सांगितलं. फक्त निवडणुकीआधी सत्कार व्हावा. आमच्याकडे सत्कार म्हणजे मानपत्र आलंच. शाल आणि नारळ बाजारातून येतात, मानपत्र कुणीतरी लिहावं लागतं.

"सिंधूताई लिहितील," मीच सुचवलं. "भैयाजींना निवृत्तीपर्यंत चार वर्षं त्यांनीच तर ऐकलंय."

अध्यक्ष नरहर डबीर त्यांना एवढंच म्हणाले, "ताई, मनाचं काही घालू नका हं. नुसती कामगिरी लिहा."

इथेच आम्ही फसलो.

सत्काराला हॉल भरला. बाईंनी मराठीत वाचायला सुरुवात केली. भैयाजींना मराठी येत नाही. ते हात जोडून, डोळे मिटून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि आमची मंडळी सवयीनं टाळ्या वाजवत होती.

"पाच वर्षांत आपण सदनात एकोणीस प्रश्न विचारलेत."

टाळ्या.

"पैकी चौदा खडी फोडणाऱ्या गिट्टीच्या क्रशरना परवाने लवकर मिळावेत म्हणून. शाळांबद्दल एक. पाण्याबद्दल एकही नाही."

टाळी एकच वाजली, मागच्या रांगेतल्या, ऐकू कमी येणाऱ्या कुणाची तरी.

"गेल्या निवडणुकीचा हिशेब आपण दाखल केलात, त्याची नक्कल मी रीतसर अर्ज करून घेतली. आपले चारही मोठे देणगीदार क्रशरवाले आहेत."

नरहरराव खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, बसा आता. छत जाईल!"

बाई ऐकतात होय? "सदनात मतं बहुतेक आवाजीनं होतात, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला ते नोंदलं जात नाही. या पाच वर्षांत मोजून मतदान एकदाच झालं. क्रशर वस्तीपासून लांब नेण्याचं विधेयक होतं. मतदानाची घंटी वाजली आणि आपण उठून बाहेर गेलात. पाळी माझी होती, मी पाहिलं. नोंद अशी: अनुपस्थित."

तिसऱ्या 'क्रशर'ला भैयाजींचा एक डोळा उघडला होता. 'अनुपस्थित'ला दुसरा उघडला.

"ये क्या पढ़ रही हैं?"

"मानपत्र," नरहरराव म्हणाले. बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार!

बाईंनी तारखेपर्यंत सगळं वाचलं आणि मानपत्राची फ्रेम केलेली प्रत दोन्ही हातांनी पुढे धरली. भैयाजींनी ती घेतली नाही. खरं सांगतो, मला बाईंचाच राग आला. आणखी एक पावसाळा कपाटं कोण ओढणार?

भैयाजी शाल खुर्चीवर टाकून उठले. "माताजी, छत तो अब आप भूल ही जाइए."

सिंधूताईंनी फ्रेम टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. उत्तर त्यांनी मराठीतच दिलं, आणि ते मात्र भैयाजींना शब्दनशब्द कळलं.

"निधी सरकारचा आहे, तुमच्या घरचा नाही. छताचा अर्ज उद्या मी स्वतः आणून देते. नाही म्हणालात, तर तेही लिहून ठेवीन."